फोटोत माणूस बसवताना

(झरी, जि. परभणी येथे तरुणांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मूळचा झरीचाच. समोर बसलेल्यांपैकी काही जणांनी मला याच रस्त्यावर सायकलवरून पडताना पाहिलंय, त्यामुळे फार मोठा माणूस असल्यासारखं बोलायची सोय नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. पण आज जे सांगणार आहे ते मी कॉलेजात शिकलो नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत परभणीत एका फोटो स्टुडिओत कामाला होतो, तिथे शिकलो.

तिथे माझं पहिलं काम होतं पासपोर्ट फोटोतल्या माणसाला कोट घालायचं. माणूस शर्टावर यायचा, आम्ही संगणकावर त्याला काळा कोट आणि टाय घालून द्यायचो. मग लग्नाच्या अल्बमचं काम आलं. नवरा-नवरीला उचलून काश्मीरच्या बागेत ठेवायचं, नाहीतर ताजमहालासमोर. त्याला स्टुडिओत ‘मिक्सिंग’ म्हणायचे. आज आपण तेच शिकणार आहोत. एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत असा बसवायचा, की तो तिथेच उभा होता असं पाहणाऱ्याला वाटावं.

ही कला नवी नाही. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर नावाच्या फोटोग्राफरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र तयार केलं होतं. त्यातली माणसं वेगवेगळ्या वेळी कॅमेऱ्यासमोर आली आणि कागदावर एकत्र आली. आपल्याकडे दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी फोटोग्राफी आणि छपाईचं काम करत होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या युक्तीने माणसं प्रकट केली आणि गायबही केली. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये. म्हणजे सॉफ्टवेअर नंतरचं, हौस आधीची.

वाईट मिक्सिंग बघायचं असेल तर लांब जायला नको. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे बघा. मध्ये साहेब, खाली पंधरा कार्यकर्ते. एकाच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून, तिसऱ्याचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला. फ्लेक्सला ते चालतं, कारण ही सगळी माणसं एकत्र उभी होती असा दावाच कुणी करत नाही. प्रश्न येतो तो आपण तसा दावा करतो तेव्हा. माझ्यावर ती वेळ घरातच आली.

माझे अब्बा २०१६ मध्ये गेले. २०१८ मध्ये आपाचं लग्न झालं. निकाहनंतर सगळं घर सोफ्यावर आणि सोफ्यामागे बसून-उभं राहून फोटो काढला. फोटो चांगला आला, पण अम्मी त्याच्याकडे नीट बघेना. मी म्हटलं, मला येतं की हे काम. अब्बांना यात बसवून देतो. दोन रात्री बसलो आणि अम्मीला सरप्राइज म्हणून दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, “हे तुझे अब्बा नाहीत रे. हा चिकटवलेला माणूस आहे.”

अम्मी चौथी शिकलेली. तिला लेअर माहीत नाही, मास्क माहीत नाही. तरी एका नजरेत पकडलं. मग मी बसून शोधलं की तिला नेमकं काय खटकलं. मला जे सापडलं, तोच आज आपला अभ्यासक्रम आहे.

पहिली चूक, कॅमेऱ्याची उंची. अब्बांचा जो फोटो मी घेतला होता तो माझ्या लहान भावाने काढलेला. तो तेव्हा दहा वर्षांचा, म्हणजे कॅमेरा खाली आणि अब्बा वर. त्यांची हनुवटी खालून दिसत होती. निकाहचा फोटो मात्र उभ्या माणसाने डोळ्याला कॅमेरा लावून काढलेला. इथे एक नियम वहीत लिहून घ्या. कॅमेरा ज्या उंचीवर असतो, त्या उंचीची एक अदृश्य आडवी रेघ फोटोत असते. तीच क्षितिजाची रेघ. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना ती एकाच उंचीवर कापते. कॅमेरा छातीच्या उंचीवर असेल तर जवळच्या माणसाचीही छाती त्या रेघेवर येते आणि शंभर फुटांवरच्या माणसाचीही. म्हणून नवा माणूस किती मोठा ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका. रेघ ओढा आणि माणूस तिच्यावर बसवा. पण फोटोच वेगळ्या उंचीवरून काढलेला असेल तर कितीही लहान-मोठा करा, तो बसणार नाही. दुसरा फोटो शोधा.

दुसरी चूक, ऊन. अब्बांचा फोटो भर दुपारचा, शेताच्या बांधावरचा. डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्या सावल्या. मांडवातला उजेड मात्र समोरून, मऊ. उजेड कुठून येतो हे नाकाच्या सावलीवरून कळतं. तो कडक आहे की मऊ हे सावलीच्या कडेवरून कळतं. कडा धारदार असेल तर उजेड उन्हासारखा, पसरट असेल तर ढगाळ दिवसासारखा. दिशा चुकली तर कधीकधी फोटो आडवा उलटवून काम भागतं. पण सांभाळा, उलटवल्यावर शर्टाचा खिसा उजवीकडे जातो आणि बटणपट्टीही फिरते. आणि कडक ऊन मऊ करता येत नाही. निदान मला तरी आलं नाही.

तिसरी चूक, रंग. आमच्या मांडवाचं कापड लाल होतं. त्याचा लाल रंग सगळ्यांच्या पांढऱ्या कुर्त्यांवर उतरला होता, हनुवटीखाली उतरला होता. एकट्या अब्बांचा कुर्ता निळसर पांढरा. आपल्या डोळ्याला हे कळतं, फक्त शब्दांत सांगता येत नाही. आजूबाजूचं प्रत्येक मोठं कापड, भिंत, गवत थोडा रंग माणसावर टाकतं. तो आपल्याला टाकावा लागतो. त्याआधी एक काम करा. दोन्ही फोटो थोडा वेळ काळेपांढरे करून बघा. मूळ फोटोतला सगळ्यात गडद भाग किती गडद आणि सगळ्यात उजळ भाग किती उजळ, हे ‘कर्व्ह्ज’ने जुळवा. ते जुळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. पुष्कळ मुलं आधी रंग जुळवतात आणि मग रात्रभर फिरत बसतात.

चौथी चूक, कडा. मी इरेझरने खोडत बसलो होतो. इरेझर वापरू नका, मास्क वापरा. मास्क म्हणजे फोटोवर टाकलेला पडदा. काळा रंग लावला की भाग झाकतो, पांढरा लावला की परत दिसतो. मूळ काही बिघडत नाही. आणि खऱ्या फोटोत कोणतीच कडा ब्लेडने कापल्यासारखी नसते. तेव्हा कडेला अर्धा-एक पिक्सेल मऊपणा द्या. दाढी आणि केस वेगळे, बारीक ब्रशने करा. जुन्या फोटोतला आकाशाचा निळा पट्टा केसांच्या कडेला राहतो, तो काढा. माझ्या फोटोत अब्बांच्या टोपीभोवती शेतातलं आभाळ राहिलं होतं.

पाचवी चूक, पाय. माझे अब्बा जमिनीवर टेकलेच नव्हते. माणूस जिथे टेकतो तिथे, चपलेच्या अगदी खाली, एक बारीक गडद रेघ असते. ती नसेल तर माणूस तरंगतो. तिच्यापुढे पडलेली सावली, जी पायाशी गडद आणि धारदार असते आणि लांब जाताना पसरत, फिकट होत जाते. सावली शुद्ध काळी ठेवू नका. ‘मल्टिप्लाय’ मोडवर ठेवा, म्हणजे खालच्या सतरंजीचा रंग आणि नक्षी तिच्यातून दिसेल. आपल्याकडच्या काळ्या मातीवर सावली फारशी उठून दिसत नाही, डांबरी रस्त्यावर वेगळी दिसते. जमीन बघून ठरवा.

सहावी चूक, दाणा. जुन्या मोबाइलच्या फोटोत दाणे असतात, नव्या कॅमेऱ्याचा फोटो गुळगुळीत असतो. दोन्ही शेजारी आले की तिसऱ्या वर्गातलं पोरसुद्धा ओळखतं. जो फोटो जास्त स्पष्ट, त्याला थोडं धूसर करा आणि शेवटी सगळ्या चित्रावर एकसारखा बारीक दाणा टाका.

मग मी दुसऱ्यांदा बसलो. घरातले सगळे जुने फोटो काढले. चुलतभावाच्या लग्नातला एक मिळाला. संध्याकाळचा, मांडवातला, उभ्या माणसाने काढलेला, अब्बा एका टेबलामागे उभे. पायच दिसत नव्हते. मी त्यांना सोफ्याच्या मागे, चाचांच्या खांद्याआड उभं केलं. पायाचा प्रश्न मिटला आणि सतरंजीवरच्या सावलीचाही. तुम्हालाही सांगतो, शक्य असेल तर नवा माणूस कशाच्या तरी मागे ठेवा. थोडा झाकलेला माणूस जास्त खरा वाटतो. चाचांच्या पाठीवर मात्र अब्बांची हलकी सावली टाकावी लागली. शेवटी थोडा लाल रंग कुर्त्यावर, थोडा दाढीखाली.

या वेळी अम्मी काही बोलली नाही. फोटो घेऊन आतल्या खोलीत गेली.

गोष्ट इथेच संपली असती तर मी इथे नुसतं सॉफ्टवेअर शिकवून गेलो असतो. पण तो फोटो दिवाणखान्यात लागला, आणि आपाचा मुलगा आता शाळेत जातो. मागच्या ईदला तो त्याच्या मित्राला सांगत होता, “हे माझे नाना, अम्मीच्या लग्नाला आले होते.” मला कसंतरी झालं. मी कुणाला फसवायला ते केलं नव्हतं. पण फोटोत माणूस बसवणं म्हणजे तो तिथे होता अशी साक्ष देणं. मी ती साक्ष दिली होती आणि पोराने ती खरी मानली. त्या दिवशी फ्रेम उतरवली, खालच्या पट्टीवर लिहिलं, “अब्बांचा फोटो नंतर जोडला आहे.” अम्मीची हरकत नव्हती. ती म्हणाली, “लिही. माझं काय कमी होतंय?” फोटो आजही तिथेच आहे, आणि त्याचं सुख तेवढंच आहे.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना मला अजून जड जातं.

२०१४ मध्ये मी पुण्यात नोकरीला नवा होतो. मे महिन्याच्या शेवटी फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी, फेरफार केलेली चित्रं फिरली. शहरात तणाव झाला, बस फोडल्या गेल्या. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये मोहसीन शेख हा तरुण नमाज पढून घरी चालला होता. मूळचा सोलापूरचा, आयटीत नोकरी करणारा. जमावाने त्याला मारलं आणि तो गेला. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्याची दाढी आणि टोपी एवढं जमावाला पुरलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने खटल्यातल्या आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली.

मी तेव्हा माझ्या खोलीत बसून विचार करत होतो की तो माझ्यासारखाच होता. तेच काम, तसंच गाव सोडून आलेला. आणि त्या चित्रात जे कुणी केलं होतं, ते मला येत होतं. माझ्याच हातातली कला होती ती.

आज त्या घटनेकडे बघताना मला एक गोष्ट दिसते. अम्मीला पटवायला मला कॅमेऱ्याची उंची, ऊन, रंग, कडा, सावली, दाणा, सगळं जुळवावं लागलं. कारण ती अब्बांना ओळखत होती आणि ती शांतपणे बघत होती. जमावासाठी यातलं काहीच जुळवावं लागत नाही. राग आला की माणूस जोड बघत नाही, उरलेलं काम रागच करतो. म्हणून खोट्या चित्राविरुद्ध आपल्याजवळ पहिली गोष्ट असेल तर ती म्हणजे सावकाश बघणं. आपण जे सहा मुद्दे लिहिले, ते बनवण्यासाठी जेवढे आहेत तेवढेच तपासण्यासाठी आहेत.

आणि ही चूक कुणा एका समाजाची नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी आधीच डोकी तापवली होती. त्याच दिवसांत मालेगावातही जमावाने अशाच संशयावरून बाहेरून आलेल्या एका कुटुंबाला घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. घेरणारे आणि घेरलेले, दोन्ही बाजूंना आपण असू शकतो, हे लक्षात असू द्या.

तेव्हा चित्र आलं की काय करायचं? हॅनी फरीद हे अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ आहेत, खोटे फोटो ओळखणं हा त्यांचा विषय. त्यांनी वापरलेली एक साधी पद्धत सांगतो. उन्हातला फोटो घ्या. सावलीतला एक बिंदू निवडा, समजा टोपीच्या टोकाची सावली. तिथून खऱ्या टोपीच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढा. अशा चार-पाच रेघा वेगवेगळ्या वस्तूंसाठी ओढा. सूर्य एकच आहे, त्यामुळे सगळ्या रेघा वाढवल्यावर एकाच बिंदूकडे जातात. सूर्य अगदी बाजूला असेल तर त्या समांतर राहतात. एकाच माणसाची रेघ भलतीकडे गेली, तर तो माणूस पाहुणा आहे. पट्टी आणि पेन्सिल पुरे.

पण खरं सांगायचं तर आता एवढ्याने भागत नाही. एआय आज सावली आणि उजेडही बऱ्यापैकी जुळवतं. म्हणून डोळ्यानंतर प्रश्न विचारायला शिका. हे चित्र पहिल्यांदा कुणी टाकलं? कुठलं, कधीचं? गुगल लेन्समध्ये टाकलं तर आधीचा फोटो सापडतो का? पुष्कळदा चित्र खरंच असतं, फक्त गाव आणि तारीख दुसरी असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत तो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही माहिती बहुधा गळून गेलेली असते, त्यामुळे पाठवणाऱ्यालाच विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका. आपल्या बाजूचं चित्र असेल, तर जास्तच थांबा.

आता बहिणींसाठी, आणि भावांनी तर जास्त लक्ष देऊन ऐका. १ जानेवारी २०२२ ला ‘बुली बाई’ नावाच्या अॅपवर अनेक मुस्लीम स्त्रियांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. त्याआधी, जुलै २०२१ मध्ये, ‘सुल्ली डील्स’ने तेच केलं होतं. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवला. या प्रकरणात जे पकडले गेले, त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. ज्यांच्या हातात माझ्यासारखंच शिक्षण, त्यांनी हे केलं. म्हणून मी कुठेही शिकवताना ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

असं कुणाच्या बाबतीत झालं तर आधी तिला “फोटो टाकलाच कशाला?” असं विचारू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्ता, खात्याचं नाव आणि तारीख दिसू द्या. चॅट डिलीट करू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. स्त्रिया आणि मुलांशी संबंधित तक्रार नाव न देताही नोंदवता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही एक मोफत सेवा आहे, खासगी फोटोंसाठी. तिथे फोटो पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी असलेल्या फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो अडवतात. आणि ही गोष्ट घरात सांगता येईल असं घर ठेवा. मुलगी घाबरून गप्प बसली की पुढचं सगळं त्या माणसाच्या मनासारखं होतं.

आता लॅपटॉप उघडू. जिम्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर सगळ्यांवर टाकलंय. चोरीचं फोटोशॉप लागत नाही. आजच्या कामाला मी तीन अटी घालतो. ज्या माणसाला उचलणार, त्याला विचारायचं. तो हयात नसेल तर घरच्यांना विचारायचं. मूळ फोटो आणि लेअरची फाइल जपून ठेवायची, म्हणजे कुणी विचारलं तर उघडून दाखवता येईल. आणि चित्र पूर्ण झालं की खाली एक ओळ लिहायची, की हे जोडलेलं आहे.

पहिला फोटो म्हणून मी सुचवेन, घरातलं कुणीतरी जे एखाद्या फोटोत असायला हवं होतं आणि नाही. आजोबा असतील, परदेशात कामाला गेलेला भाऊ असेल. काम झालं की ते आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. ती म्हणाली “हा चिकटवलाय”, तर नाराज होऊ नका. तिला विचारा, कुठे खटकलं? मग परत बसा.

चला, सुरू करू.